आधी खोली मोजा, मग लेन्स घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कमी उजेडात आणि पोर्ट्रेटसाठी कुठली प्राइम लेन्स घ्यावी यावर तुमच्या रविवार पुरवणीत जो लेख आलाय तो वाचला, दोनदा वाचला, कारण भाच्याने त्याचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली विचारलं, मामा मग ८५ घेऊ ना? लेखात चूक असं काही नाहीये. प्राइम म्हणजे झूम न होणारी, एकाच फोकल लेन्थची लेन्स (म्हणजे तो एमएममधला आकडा, जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त, पोर्ट्रेटला ८५ एमएम, जमलं तर एफ/१.४ नाहीतर एफ/१.८, सगळं बरोबर. पण अख्ख्या लेखात एक गोष्ट कुठेच नाही आणि माझ्या मते तीच सगळ्यात आधी यायला हवी होती. फोटो काढणारा माणूस उभा कुठे राहणार? म्हणून हे पत्र, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी काही प्रोफेशनल नाही. नोकरी सांभाळून घरच्यांचे फोटो काढतो आणि एका हौशी नाटक ग्रुपच्या तालमींचे. पहिला कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आतला फोटो टिपणारा सेन्सर लहान असलेला, सोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स. बाबा संध्याकाळी खुर्चीत पेपर वाचत बसायचे, डोक्यावर एकच दिवा, अर्धा चेहरा उजेडात अर्धा अंधारात, तो फोटो मला हवा होता. आता ती लेन्स ५५ वर नेली की एफ/५.६ वर येते, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो तो आकडा, वाढवला की फोटोत दाणे येतात) ३२०० करूनही शटर १/१५, सेकंदाचा पंधरावा भाग उघडं, म्हणजे बाबांनी पान उलटलं की हाताच्या जागी नुसतं धुकं. आणि हसू नका पण पोर्ट्रेटसाठी म्हणून जी पहिली लेन्स बनली, व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये गणितं मांडून तयार केलेली, ती एफ/३.६ होती. त्याआधी माणसाला मिनिटंच्या मिनिटं पुतळ्यासारखं बसवून ठेवायला लागायचं, तोच त्रास कमी करायला ती केली. म्हणजे माझी किट लेन्स झूम केल्यावर १८४० च्या लेन्सच्या निम्माही उजेड आत घेत नव्हती. झूमची सोय पाहिजे, वजन कमी पाहिजे आणि स्वस्तही पाहिजे, मग कुठेतरी कात्री लागणारच ना, ती उजेडाला लागते.

तर प्राइम घ्यायचं ठरलं आणि ज्याला विचारावं तो म्हणे ८५. घेतली. एफ/१.८. पहिल्याच संध्याकाळी बाबा नेहमीच्या जागी, मी समोर, डोळा लावला तर फ्रेममध्ये बाबांचं कपाळ ते शर्टाचं दुसरं बटण. पेपर नाही, हात नाही, खुर्ची नाही. मागे सरकलो. अजून सरकलो. कपाटाची मूठ पाठीत लागली. मग दार उघडून पॅसेजमध्ये गेलो आणि तिथून काढायला लागलो तर डाव्या बाजूला अख्खी चौकट. बाबा चष्म्यावरून बघत म्हणाले, "अरे फोटो माझा काढतोयस का दाराचा?" त्या रात्री शिलाईच्या डब्यातली मेजरिंग टेप काढून खोली मोजली, जे काम लेन्स घ्यायच्या आधी करायचं होतं. बारा फूट बाय दहा. त्यात खुर्ची भिंतीपासून दोन फूट पुढे, मी आणि कॅमेरा मिळून दीड फूट, उरले किती? साडेआठ, तेही लांब बाजूने.

आता याचं गणित अगदी सोपं आहे आणि ते कुणी सांगत कसं नाही याचंच मला नवल वाटतं. कॅमेरा उभा धरा. जेवढ्या उंचीचं काही फ्रेममध्ये घ्यायचंय त्या उंचीच्या किती पट लांब उभं राहायचं हे लेन्स आणि सेन्सर मिळून ठरवतात. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे ज्याची लांब बाजू साधारण साडेतेवीस मिलिमीटर असते त्यावर, ३५ एमएमला दीडपट, ५० ला दुपटीहून जरा जास्त, ८५ ला साडेतीनपटीहून थोडं जास्त. फुलफ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर, लांब बाजू ३६ मिलिमीटर, तिथे ३५ ला जेवढी उंची तेवढंच अंतर, ५० ला १.४ पट आणि ८५ ला साधारण २.४ पट. झालं, एवढंच. खुर्चीत बसलेला माणूस मांडीपासून डोक्यापर्यंत, वरखाली थोडी जागा सोडून तीन फूट धरा. माझ्या कॅमेऱ्यावर ८५ ला अकरा फूट लागणार, ५० ला साडेसहा, ३५ ला साडेचार. माझ्याकडे साडेआठ. उभ्या माणसाचा पायापासून डोक्यापर्यंत घ्यायचा तर साडेसहा फुटांची फ्रेम धरा, मग क्रॉपवर ८५ ला पावणेचोवीस फूट लागतात, एवढं लांब जाऊन बोलायचं म्हणजे हाकच मारायला लागेल. लेख लिहिणाऱ्यांचा कॅमेरा बहुतेक फुलफ्रेम असावा, त्यावर ८५ ला तीच तीन फुटांची फ्रेम सात फुटांत बसते, म्हणून त्यांना ती अडचण कधी आलीच नसणार. माझ्यासारख्याच्या क्रॉप बॉडीवर ८५ ही जवळजवळ १२८ एमएमसारखी दिसते, कॅननच्या क्रॉपवर गुणक (सेन्सर फुलफ्रेमपेक्षा किती पट लहान तो आकडा) १.६ म्हणून १३६ सारखी, आणि मायक्रो फोर थर्ड्सवर, म्हणजे त्याहून लहान सेन्सरवर, थेट दुप्पट. लेखात गुणकाचा उल्लेखही नाही, निदान एक चौकट टाकायला हवी होती.

यावर कुणी म्हणेल मग ३५ घे, जवळ जा, संपला विषय. नाही संपत. इथे दुसरी गंमत आहे. चेहरा चांगला दिसतो तो ८५ मुळे नाही, लांबून काढल्यामुळे. लोक म्हणतात वाइड लेन्सने नाक मोठं येतं. लेन्स काही करत नाही हो नाकाला, अंतर करतं. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण पाच इंच मागे असतात. दीड फुटावरून काढलं तर कान नाकापेक्षा पाव पटीहून थोडे जास्तच लांब पडतात, म्हणून नाक पुढे आल्यासारखं आणि कान पळून गेल्यासारखे, सेल्फीत दिसतात तसे. तेच सहा फुटांवरून काढा, फरक सहा-सात टक्के, डोळ्याला कळतही नाही. हे कुठल्याही लेन्सला लागू आहे, खात्री करायची तर एकाच जागी उभं राहून ३५ ने आणि ८५ ने काढा आणि ३५ चा फोटो कापून तेवढाच करा, नाक-कान अगदी सारखे येतील, पिक्सेल तेवढे कमी. त्यामुळे माझा नियम असा झालाय की माणसाच्या चेहऱ्यापासून चार-पाच फुटांच्या आत जायचं नाही, आणि मग त्या अंतरावरून मला किती माणूस हवाय, नुसता चेहरा, अर्धा माणूस का माणूस आणि त्याची खोली, त्यावर लेन्स ठरते. क्रॉपवर ३५ ने चेहरा आणि खांदे एवढंच भरायला अडीच फुटांवर जायला लागतं, ते मला नको. पण बाबा, पेपर, दिवा, बाजूची खिडकी असं सगळं घ्यायचं असेल तर ३५ सारखी लेन्स नाही.

शेवटी मी ५० एफ/१.८ घेतली, जी बऱ्याच कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त प्राइम लेन्सपैकी एक असते आणि म्हणून जिला फार कुणी मान देत नाही. त्याच खुर्चीवर, त्याच दिव्याखाली, साडेसहा फुटांवरून. एफ/५.६ पासून एफ/१.८ म्हणजे उजेड जवळजवळ दहापट, १/१५ चं शटर १/१२५ च्या पुढे गेलं. पहिला फोटो मी अजून ठेवलाय. पान अर्धं उलटलेलं, हवेत थांबलेलं, अंगठ्याची सुरकुती दिसते, चष्म्याच्या काचेत दिव्याचा एक ठिपका.

आता एफ/१.४ बद्दल, कारण लेखात "जमेल तेवढी मोठी अपर्चर घ्या" असं आहे (अपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत येतो ते भोक) आणि तिथे माझं जमत नाही. एफ/१.८ आणि एफ/१.४ मध्ये उजेडाचा फरक दीडपटीहून थोडा जास्त, फोटोच्या भाषेत दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). म्हणजे जिथे आयएसओ ३२०० लागत होता तिथे २००० लागेल. आजच्या सेन्सरवर ३२०० आणि २००० मधला फरक शोधायला फोटो शंभर टक्के मोठा करून नाक स्क्रीनला लावायला लागतं. त्याच्यासाठी लेन्स जड होते, मोठी होते आणि बरीच महाग होते. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांनी जरूर घ्यावी. पहिल्यांदा प्राइम घेणाऱ्याला एफ/१.८ पुरते, आणि खरं सांगू का, तीही पूर्ण उघडी ठेवून चेहरा काढणं सोपं नाहीये. चार फुटांवरून, क्रॉपवर, ५० एमएम एफ/१.८ ला शार्प भाग मिळतो साधारण चार सेंटिमीटर, दोन डोळ्याच्या पुढे आणि दोन मागे. म्हणजे डोळ्यावर फोकस बसला तर नाकाचा शेंडा गेला, कान तर गेलेच. माणसाने मान जरा तिरकी केली की लांबचा डोळाही गेला. तालमीत दोघं जण शेजारी उभे असले आणि एक अर्धं पाऊल मागे असला की एकजण शार्प आणि दुसरा भुतासारखा, आणि तो दुसराच माझ्याकडे फोटो मागायला येणार हे ठरलेलं. एफ/२.८ केलं की तेच चार सेंटिमीटर साडेसहा होतात. मी चेहऱ्याला बहुतेक वेळा एफ/२.२ किंवा २.५ वर असतो, जास्त माणसं असली तर एफ/४ आणि वाढलेला आयएसओ मुकाट्याने सहन करतो. दाणे दिसलेला फोटो चालतो, डोळा हुकलेला नाही चालत. शिवाय पूर्ण उघडी असताना बऱ्याच लेन्सना चमकत्या कडांवर जांभळी-हिरवी रेघ येते, कोपरे काळवंडतात, थोडं बंद केलं की ते निवळतं.

मागचं धूसर होणं, ते ज्याला जपानी शब्दावरून बोके म्हणतात, त्यात मात्र ८५ ला तोड नाही हे मान्यच करतो. फोकल लेन्थला एफच्या आकड्याने भागा, जे येईल तेवढं लेन्सचं भोक समजा. ८५ ला १.८ ने भागलं तर ४७ मिलिमीटर, ५० ला १.४ ने भागलं तरी ३६, ५० ला १.८ ने २८. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच ठेवला तर लांबची बॅकग्राउंड किती विरघळणार हे त्या भोकावर असतं, म्हणून ८५ एफ/१.८ ही ५० एफ/१.४ पेक्षा जास्त मऊ करते. पण "लांबची" हा शब्द महत्त्वाचा. माणूस भिंतीला टेकून बसला असेल तर कुठलीही लेन्स आणा, भिंतीवरचं कॅलेंडर तारखेसकट दिसणार. माणसाला भिंतीपासून चार फूट पुढे ओढा, फुकटात होतं. तसंच दिव्याच्या जवळ सरकवा, छोट्या उघड्या दिव्यापासून अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, म्हणजे दोन स्टॉप. एफ/१.८ वरून एफ/१.४ ला जाऊन जे मिळतं त्याच्या तिप्पट, खुर्ची सरकवून.

दोन-तीन गोष्टी घाईत सांगतो कारण मी स्वतः ठेचा खाल्ल्यात. स्टॅबिलायझेशन, म्हणजे थरथर शोषणारी सोय, तुमचा हात सांभाळतं, समोरच्याची मान नाही, त्यामुळे बोलणाऱ्या माणसाला १/१२५ तरी पाहिजेच, त्याच्या खाली नशीब. ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सतत लुकलुकत असतात, जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे सेकंदाला १०० वेळा, त्यामुळे १/२०० किंवा १/२५० ला फोटोत पट्टे येतात किंवा एक फोटो पिवळा एक हिरवा. माझ्या एका तालमीचे सगळे फोटो असे गेले, मी आठवडाभर लेन्सला शिव्या देत होतो. १/१०० ठेवलं की पट्टे जातात, ६० हर्ट्झ असेल तिथे १/१२०; वरच्या १/१२५ पेक्षा जरा हळू, पण अशा दिव्याखाली तेवढं नशिबावर सोडतो.

आणि सेकंडहँड. जुनी प्राइम घेणं ही चांगली कल्पना आहे पण तुमच्या बॉडीवर ऑटोफोकस चालतो का हे आधी बघा. निकॉनच्या जुन्या डी लेन्स फिरवायला बॉडीतच मोटर लागते, आणि डी३००० किंवा डी५००० मालिकेच्या बॉडीत ती नाहीये, तिथे हातानेच फोकस करायला लागेल. एफ/१.८ वर, चार सेंटिमीटरमध्ये, मंद उजेडात, हाताने. करून बघा एकदा. कॅननची जुनी ५० एफ/१.८, १९९० ची दुसरी आवृत्ती, तिला अपर्चरची पाती पाच, म्हणून जराशी बंद केली की मागचे दिवे पंचकोनी येतात, २०१५ च्या एसटीएम आवृत्तीत सात पाती आहेत, जरा गोल येतात. मला पंचकोन आवडतात, घरात कुणालाच आवडत नाहीत. लेन्स हातात आली की मागून टॉर्च मारा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, पात्यांवर तेल चकाकलं तर तीही सोडा. मी हे न बघता एक घेतली होती, विकणाऱ्याने "एकदम नवीन" म्हणून दिली, आत बाग फुललेली.

भाच्याला मी अजून एक काम सांगितलंय ते वाचकांनाही सांगतो. किट लेन्सची झूम रिंग ३५ वर आणा आणि कागदी चिकटपट्टी लावून टाका, झूम करताच येऊ नये अशी. आठवडाभर घरातल्यांचे फोटो तसेच काढा, पुढच्या आठवड्यात ५० वर पट्टी. फोटो अंधारेच येतील, ते सोडून द्या, आपण उजेड बघत नाहीये. कितीदा मागे जायला जागा नव्हती आणि कितीदा इतकं जवळ जायला लागलं की समोरचा अवघडला, एवढंच बघायचंय. समोरच्याचं अवघडणं तर कुठल्याच तक्त्यात नसतं. अडीच फुटांवर काळी काच तोंडासमोर आली की भलेभले खोटं हसायला लागतात, आणि फार लांब गेलात की बोलणं तुटतं, आणि बोलणं तुटलं की चेहरा बंद. बाबा साडेसहा फुटांवरून विसरून जायचे की मी फोटो काढतोय, मधूनच मला बातमी वाचून दाखवायचे. ८५ घेऊन पॅसेजमध्ये उभा होतो तेव्हा एकही बातमी ऐकू आली नाही.

तेव्हा संपादक महाशय, एक विनंती आहे. पुरवणीत फोटो छापता तेव्हा खाली लेन्स, एफचा आकडा, शटर, आयएसओ सगळं देता. त्यात अजून एक आकडा घाला, किती फुटांवरून काढला तो, आणि कॅमेरा क्रॉप का फुलफ्रेम तेही. लेखाबरोबर छापलेला त्या बाईंचा खिडकीतला फोटो फार सुंदर आहे, पण खाली नुसतं ८५ एमएम, एफ/१.४ वाचून घरोघरी किती जणांच्या पाठीत कपाटाच्या मुठी लागणार आहेत देव जाणे.

कळावे,
आपला एक नियमित वाचक

ता. क. पत्र पाठवता पाठवता भाच्याचा मेसेज आला. खोली अकरा फूट, पलंग सोडून साडेसात. त्याला ५० कळवलंय, आणि माझी ८५ घेऊन जा म्हणलंय, गच्चीवर वापरायला.